उद्या या!

“उद्या या!” हे दोन शब्द कुणी मराठीतून काढून टाकले, तर आपल्याकडचे निम्मे शिंपी, घड्याळजी आणि सायकलवाले मुके होतील! गेल्या दिवाळीचा माझा कोट असाच उद्या-उद्या करीत तुळशीच्या लग्नानंतर हाती पडला. शिवण नामी होती. पण त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या दोघा मेव्हण्यांनाही चढू दिली नाही.

कोटाचे एक असो, जुना चालतो. पण रोहण्यासारख्या गावात हेच दोन शब्द पीक बुडवतात. रोहणा हे वर्धा जिल्ह्यातले, आर्वी तालुक्यातले कापूसपट्ट्यातले गाव. १९१७ साली सुरू झालेली पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची गाडी इथे थांबत असे. आता ती बंद पडली आहे. अशा गावात पंपाच्या जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग करून देणारा एखादा कारागीर डोळ्यांपुढे आणा. गहू पाण्याला आलेला, आणि नेमकी मोटार जळते. शेतकरी ती गाडीवर बांधून दुकानात आणतो. तांब्याची तार किती घातली, वेटोळी किती दिली, हे त्याला समजत नाही. त्याचा प्रश्न एकच: पाणी कधी सुरू होईल? कारागिराने हातातले काम मोजून “परवा संध्याकाळी” म्हटले आणि परवा संध्याकाळी मोटार फिरली, तर बातमी शिवारभर होते. “उद्या” म्हणून चार दिवस लावले, तर पुढली मोटार थेट आर्वीला जाते, आणि तीही बातमी शिवारभर होते. दुकानावरची रंगीत पाटी दोन्ही वेळा तीच असते!

लुगडे घेताना पदर हाताने चाचपून पाहता येतो. दुरुस्ती, शिवण, शिकवणी, खानावळ यांचे तसे नाही. अनुभव येईपर्यंत माणूस शेजाऱ्यालाच विचारतो. तेव्हा शेजारी काय सांगतो, यावर सगळे आले. मुंबईचे डबेवालेच पाहा. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली हे काम सुरू केले. २००३ मध्ये युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटले, तेव्हा त्या धंद्याने शंभरी ओलांडली होती. ती वर्षे त्यांनी काढली ती जेवणाच्या वेळेला डबा पोचवून. आणि २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा जगभरची कीर्तीही डबे आणू शकली नाही.

मात्र हातावर हात ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहावी, असेही नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल चालवता येणारे किती असणार? लक्ष्मणराव सायकल विकत, दुरुस्त करीत आणि चालवायलाही शिकवीत. रोहण्याच्या कारागिरालाही हे जमण्यासारखे आहे. गव्हाची पेरणी होण्यापूर्वी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करावा, “पाटील, मोटार एकदा दाखवून घ्या.” याला खर्च तो काय? काम लांबणार असेल, तर गिऱ्हाईक दारात येण्याआधीच तसे कळवावे. निम्मा राग तिथेच विरतो.

उधारीचे दुखणे मात्र अवघड. कापूस विकल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, आणि तारवाला व्यापारी कारागिरासाठी थांबत नाही. माझ्या मते तारेचे पैसे आधी मागून घ्यावेत, मजुरी कापसापर्यंत थांबवावी, आणि हा बोलीव्यवहार दोघांदेखत वहीत मांडावा. आधी बोलायला संकोच वाटतो खरा. पण नंतर मागायला गेले की ओळख तुटते.

यंदाचा कोट मी नव्या शिंप्याकडे नेला. त्याने वही उघडली, पाने मोजली आणि म्हणाला, “साहेब, दिवाळीआधी नाही जमायचे.” त्यामुळे ही दिवाळी जुन्याच कोटात चालली आहे. मेव्हण्यांना मात्र दुकानाचा पत्ता देऊन ठेवला आहे.