आकाशमार्गाचे अंतर आणि घड्याळाचा हिशेब

ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथील शांती नगर ही दाट लोकवस्तीची वसाहत. मुंबईचा सहार विमानतळ येथून सुमारे २० किलोमीटरांवर आहे. अशा उपनगरांतील अनेक कुटुंबांची मुले आज नोकरीनिमित्त परदेशी असतात. घरात दुःखद प्रसंग ओढवला की पहिला प्रश्न उभा राहतो : लंडनचा मुलगा केव्हा पोहोचेल ? अंत्यविधीसाठी किती वेळ थांबावयाचे, हे त्या उत्तरावरच ठरते. म्हणून हा हिशेब सर्वांस अवगत असणे इष्ट होय.

दोरा आणि पृथ्वीगोल

सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेले दूरचे अंतर फसवे असते. कारण पृथ्वी गोल आहे. त्याऐवजी शाळेतील पृथ्वीगोल घ्यावा आणि विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. दोरा १०० सेंटिमीटर भरला, तर १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. आता मुंबई व लंडन या दोन ठिपक्यांवर दोरा ताणून धरावा. तो सुमारे १८ सेंटिमीटर भरतो. म्हणजेच हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर होय.

उड्डाणाचा वेळ

प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी ८५० ते ९०० किलोमीटर असतो. भागाकार केल्यास आठ ते साडेआठ तास येतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व उतरणे यांसाठी आणखी काही वेळ धरावा लागतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यामुळे लंडनला जाताना अधिक वेळ लागतो, परतताना कमी. मार्गही नेहमी सरळ नसतो. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानची हवाई हद्द बंद राहिल्याने अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला होता. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघाले, तेव्हा ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले होते.

घड्याळातील फरक

तिकिटावरील वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. भारतीय वेळ हिवाळ्यात लंडनच्या साडेपाच तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेचार तास. समजा, हिवाळ्यात मुलगा लंडनहून रात्री ८-३० वाजता निघाला आणि उड्डाणास ९ तास लागले. लंडनच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे ५-३० वाजलेले असतील. परंतु मुंबईत सकाळचे ११ वाजतील. पारपत्र तपासणी, सामान आणि रस्ता यांसाठी तीन तास धरले, तर तो शांती नगरात दुपारी दोनच्या सुमारास पोहोचेल. पहाटेपासून वाट पाहणाऱ्या नातेवाइकांना हे आधी ठाऊक असेल, तर पुढील व्यवस्था शांतपणे करता येते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. त्यास एक पृथ्वीगोल आणि हातभर दोरा एवढेच साहित्य पुरते.