जुन्या गाडीचा कार्बोरेटर : खोलण्यापूर्वी दोष ओळखा



खोडवा पिवळा पडला की आपला पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. पण पिवळेपणा हे लक्षण आहे, रोग नव्हे. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडून केवडा झाला असेल, पाणी साचून मुळी गुदमरली असेल, नाहीतर खाली हुमणी लागली असेल. तिन्हींचा उपाय निराळा. जुन्या पेट्रोल गाडीचेही तसेच आहे. गाडीने मिस मारले की “कार्बोरेटर गेला” असे म्हणायचे आणि पाना हातात घ्यायचा, ही सवय महागात पडते. सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत, आणि मूळ दोष दुसरीकडे असेल तर तो आहे तिथेच राहतो.

पद्मिनी १९७४ पासून या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. अॅम्बेसडर २०१४ साली बंद झाली. सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आले. मोटरसायकलींत मात्र तो बहुतेक २०२० पर्यंत टिकला. म्हणजे दारात जुनी मोटार नसली, तरी कार्बोरेटरवाली फटफटी पुष्कळांकडे आहे. खाली लिहिलेले बरेचसे तिलाही लागू पडते.

काम कसे चालते

इंजिन हवा ओढते. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब कमी होतो, आणि जेटमधून पेट्रोल वर ओढले जाऊन हवेत मिसळते. पेट्रोलची पातळी राखायला फ्लोट आणि त्याची सुई असते. जागेवर चालण्यासाठी लहान जेट, पळण्यासाठी मोठा जेट, थंड इंजिनासाठी चोक, आणि एकदम रेस दिल्यावर पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप. एवढाच संसार. कोणत्या वेळी गाडी कुरकुरते हे नीट पाहिले, तर यातला कोणता भाग आजारी आहे ते बरेचसे कळते.

आधी हे तीन तपासा

१) ठिणगी : प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापते आहे. तेलकट काळा असेल तर तेल वर येते आहे, त्यात कार्बोरेटरचा दोष नाही. पॉइंट जळलेले असतील तर आधी ते साफ करून फट लावावी, मग टायमिंग, आणि कार्बोरेटरचा स्क्रू सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा करू नये, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंगही बदलते.

२) पेट्रोल : गाडी चार-पाच किलोमीटर जाऊन बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालू होते, अशी तक्रार असेल तर आधी टाकीचे झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ असा आवाज आला, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. बिनपैशाचे काम! त्यानंतर इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडून बाटलीत धरा, कॉइलची मुख्य वायर काढून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल जोरकस ठोक्याठोक्याने आले पाहिजे. न आले तर पंपाचा पडदा, फिल्टर आणि नळ्या पाहा.

३) हवा : गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर ऊस वाहतुकीची धूळ किती असते ते सांगायला नको. फिल्टर बुजला की गाडी पेट्रोल जास्त पिते आणि धूर काळा सोडते. मिस्त्रीकडे जाण्याआधी फिल्टर झटकून पाहा.

चोकची परीक्षा

हे तिन्ही ठीक असतील, तर इंजिन गरम झाल्यावर गाडी मिस मारत असताना चोक थोडा ओढा. चाल सुधारली तर इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे. एकतर जेट बुजला आहे, नाहीतर कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून फुकटची हवा शिरते आहे. चाल आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त होते आहे. एवढ्या एका खुणेने निम्मा गोंधळ मिटतो.

पुढची लक्षणे अशी :

जागेवर बंद पडते, पण पळताना ठीक : लहान जेट बुजला, किंवा पॅकिंगमधून हवा शिरते. पॅकिंगच्या कडेला इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडून पाहा. चाल बदलली तर तिथेच गळती आहे. याकामी पेट्रोल वापरू नये.

जागेवर ठीक, पण चढाला किंवा भाराखाली दम सोडते : मोठा जेट बुजला, किंवा पेट्रोलचा पुरवठा अपुरा.

एकदम रेस दिली की क्षणभर गुदमरते : छोट्या पंपाचा पडदा गेला.

कार्बोरेटर बाहेरून ओला, पेट्रोलचा वास : सुई झिजली, तिच्यात कचरा अडकला, किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल भरले. फ्लोट कानाजवळ हलवला की आतले पेट्रोल वाजते.

जेट साफ करताना तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक केसभर वाढले तरी गाडी कायमची खादाड होते. हवेच्या दाबाने फुंकावे, तोंडाने नव्हे.

जिवाशी खेळ नको

गाडी सुरू होत नाही म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतायचे आणि सेल्फ मारायचा, हा प्रकार गावोगाव चालतो. तो कृपा करून बंद करा. इंजिन उलटे ठासले की ज्वाळा वर येते. बाटली हातात, तोंड बॉनेटमध्ये. पुढचे सांगायला नको. गळका कार्बोरेटर घेऊन “घरापर्यंत तर जाऊ” असेही म्हणू नये. खाली गरम सायलेन्सरचा पाइप असतो, आणि मागच्या सीटवर आपलीच लेकरे असतात. ठिणगी तपासताना जवळ उघडे पेट्रोल नको.

इथेनॉल आपले, पण दोष झाकू नये

आपल्या उसापासून होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२२ साली देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर गेले, २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण जुन्या गाड्या या पेट्रोलसाठी बनलेल्या नव्हत्या, हेही खरे.

पहिली गोष्ट, इथेनॉल जुन्या टाकीतला मळ सुटा करते. तो येऊन फिल्टरात आणि जेटमध्ये बसतो. दुसरी, जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते, चिरते. नळ्या, पंपाचा पडदा, सुईचे टोक, सगळे यात आले. तिसरी, इथेनॉल पाणी शोषते. पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात आणि इंजिनाला आधी तोच मिळतो. चौथी, पूर्ण जळायला पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. जेट जुनाच राहिला तर मिश्रणात इंधन थोडे कमी पडते. मग गाडी तापते, कार्बोरेटरमधून फट्फट् करते.

उपाय अवघड नाहीत. नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे बसवून घ्या. नळी बोटाने दाबून पाहा, चिकट किंवा चिरलेली असेल तर त्याच दिवशी बदला. सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदला. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका, आठवड्यातून एकदा फिरवा. मोठ्या नंबरचा जेट मात्र प्लगचा रंग पाहिल्याशिवाय टाकू नका.

तात्पर्य, आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा, आणि शेवटी कार्बोरेटर. मिस्त्रीकडे गेलात तर “कार्बोरेटर साफ करा” असे न सांगता गाडी केव्हा, कशी बिघडते ते सांगा : थंड असताना की गरम, जागेवर की चढाला, चोक ओढल्यावर काय होते. चांगला मिस्त्री तेवढ्यावरून निम्मे काम ओळखतो, आणि जो ऐकूनच घेत नाही त्याच्याकडे गाडी सोडू नये.

— ऊस विकास अधिकारी