झेंडू वाळवायचा, पण कसा?

दसऱ्याचं तोरण चार दिवस उन्हात राहिलं की झेंडूचा केशरी रंग विटून पाकळ्या मळकट होतात. तो रंग म्हणजे मुख्यतः ल्युटीन. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी साठणारं, निळा प्रकाश शोषणारं हे द्रव्य गोळ्यांसाठी झेंडूच्याच पाकळ्यांतून काढतात. अंड्याचा बलक गडद व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यातही तेच मिसळतात.

ल्युटीनच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. रंग तिच्यामुळे आणि नाजूकपणाही तिच्यामुळेच. ऊन आणि ऑक्सिजन मिळून ती तोडतात. मग सावली बरी? अर्धीच. सावलीत पाकळी हळू सुकते आणि ओल असेपर्यंत तिच्यातली विकरं आपलं काम करतच राहतात. दमट हवेत तर त्याआधी बुरशी धरते. 50-60 अंशांच्या खेळत्या गरम हवेत पाणी लवकर जातं, उजेडही लागत नाही. शेतावरच्या कामाला मला हाच मार्ग पटतो. गोठवून निर्वातात सुकवलेली पाकळी दिसते सर्वांत टवटवीत, पण यंत्र महाग. शिवाय ती इतकी सच्छिद्र होते की उघडी राहिल्यास ऑक्सिजन आत सहज शिरतो.

 

बाजारातल्या हाराची फुलं मात्र चहासाठी वाळवू नका, त्यांवर फवारणी झालेली असू शकते. घरच्या कुंडीतली घ्या. वाळलेली पाकळी बोटांत चुरगळून बघा: चुरा झाला तर बरणी बंद करून अंधाऱ्या फडताळात ठेवा, नुसती दुमडली तर आत अजून ओल आहे.