रणांगणावरची पहिली पट्टी

जखमी सैनिकाचा जीव बहुधा पहिल्या काही मिनिटांतच राहतो किंवा जातो, आणि त्या वेळी जवळ असतो तो शेजारचा सैनिक. त्याला जखम बांधायला शिकवावे, हे लष्करांना फार उशिरा सुचले.

जुनी इंदूर या कान्ह नदीकाठच्या कसब्याचे भवितव्य ज्या लढाईने बदलले, तिच्यात ही उणीव दिसते. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज आणि हिस्लॉप व माल्कम या सेनापतींची इंग्रज फौज भिडली. नदीच्या उतारावर होळकरी तोफांचा मारा इतका तिखट होता की, विजयी बाजूचेही सुमारे पावणेआठशे लोक मेले किंवा जखमी झाले. होळकरांची हानी याहून कितीतरी मोठी होती. पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला, इंदूर होळकरांची राजधानी बनले आणि शेजारी महूची छावणी वसली. त्या काळी जखमींना डोलीत घालून शस्त्रवैद्यापर्यंत न्यायचे. तोवर रक्त थांबवणे साध्या शिपायाला कुणी शिकवत नसे. मराठी राज्यात जखमींची कदर जुनीच होती. प्रतापगडच्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनी जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिल्याची नोंद सभासद बखरीत आहे. मात्र ही कदर लढाई संपल्यावरची होती.

प्रथमोपचाराच्या शिक्षणाला खरे वळण दिले ते जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख फॉन एस्मार्क यांनी. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या सुमारास त्यांनी तिकोनी पट्टी प्रचारात आणली. तिच्या कापडावरच डोके, खांदा, गुडघा कसा बांधायचा याची चित्रे छापलेली असत. अक्षरओळख नसलेल्या सैनिकालाही ती वाचता येई. या विषयावर इतके नेमके पाठ्यपुस्तक क्वचितच झाले असेल. १८७८मध्ये इंग्लंडमध्ये वुलिच येथे लष्करी शल्यविशारद पीटर शेफर्ड यांनी सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले. पुढच्या जानेवारीत ते झुलू युद्धातील इसांडलवानाच्या लढाईत मारले गेले.

हिंदी फौजेत १९०१मध्ये जखमी वाहून नेणाऱ्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले. पहिल्या महायुद्धात सैनिकाच्या गणवेशातच निर्जंतुक पट्टी ठेवलेली असे. तरी सुरुवातीला मांडीचे हाड मोडलेल्यांपैकी बहुतेक जण दगावत. ‘थॉमस स्प्लिंट’ म्हणजे मोडलेल्या हाडाला आधार देणारी चौकट आघाडीवरच लावण्याचा सराव स्ट्रेचरवाल्यांना दिल्यावर हे प्रमाण झपाट्याने उतरले. या बदलात मोठा वाटा होता तो वेळेवर पोचलेल्या, शिकवलेल्या हातांचा. ३ एप्रिल १९४३ रोजी हिंदी लष्करी वैद्यकीय दल स्थापन झाले.

दंडाला किंवा मांडीला आवळायचा रक्तबंध मात्र बराच काळ बदनाम राहिला. तो फार वेळ राहिला तर अवयव गमवावा लागेल, अशी भीती असे. व्हिएतनाम युद्धातील मृत्यूंच्या अभ्यासातून हातापायांचा रक्तस्राव, छातीत कोंडलेली हवा आणि बंद झालेला श्वासमार्ग ही टाळता येण्याजोग्या मृत्यूंची मुख्य कारणे ठरली. १९९६मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी त्यावर आधारलेली नवी पद्धत मांडली: गोळीबार चालू असेपर्यंत आधी प्रत्युत्तर आणि आडोसा, उपचार म्हणून फक्त रक्तबंध, बाकी सारे नंतर. भारतीय लष्करातही आता तुकड्यांतील निवडक लढाऊ जवानांना रणांगण परिचारक म्हणून तयार केले जाते. रक्तबंध एका हाताने, स्वतःलाही बांधता यावा आणि बांधल्याची वेळ ठळक लिहून ठेवावी, हा आजच्या सरावाचा भाग आहे. ती वेळ लक्षात घेऊन पुढचा डॉक्टर तो कधी सोडायचा ते ठरवतो.