रागाचं नाव कळल्यानंतर

भूप आणि देशकार. दोन्ही रागांत तेच पाच स्वर : सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. तरी एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा, आणि जाणकाराला दोन-तीन स्वरसंगतींतच कोणता ते कळतं. हा फरक स्वर मोजून सापडत नाही. गाणारा कुठे थांबतो ते ऐकावं लागतं. भूपात आवाज पुन्हापुन्हा गंधारावर येऊन विसावतो. देशकारात धैवताचं राज्य, तिथून पंचमावर मुक्काम आणि रिषभाला नुसता ओझरता स्पर्श. स्वरांची नावं येत नसली तरी अडत नाही. प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी, म्हणून आधी तंबोऱ्याचा षड्ज गुणगुणून पक्का करा. मग किशोरी आमोणकरांची भूपातली ‘सहेला रे’ लावा आणि आवाज जिथे टेकतो तो स्वर आपल्या गळ्यात धरून पाहा. देशकार ऐकतानाही तसंच करा. काही दिवसांत कानाला मुक्काम बदलल्याचं कळू लागतं.

मैफलीत आलाप सुरू होताच ‘राग कोणता?’ अशी कुजबुज होते. कुतूहल चांगलंच, पण नाव मिळालं की अनेकांचं ऐकणंच थांबतं, याची मला खंत वाटते. खरं ऐकायचं तर तिथून पुढे असतं.

तंबोऱ्याचंच पाहा. चार तारा : पहिली बहुधा पंचमाची, मग जोडाच्या दोन, शेवटी खर्ज. जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मालकंसात पंचम वर्ज्य, तेव्हा पहिली तार मध्यमाला लावतात आणि गाणं सुरू होण्याआधीच सगळं वातावरण पालटतं. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर यातलं फारसं पोहोचत नाही, तबल्याचा डग्गा तर जवळजवळ नाहीच. निदान बरे हेडफोन तरी हवेत.

आणि डग्गा हा नवख्या कानाचा सर्वांत मोठा आधार आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजत बसू नका. नवव्या मात्रेला ‘खाली’ येते, पुढे काही मात्रा डग्ग्याची घुमार थांबते. चौदाव्या मात्रेच्या सुमारास ती परतली की सम, म्हणजे पहिली मात्रा, जवळ आली. मध्यलयीची एखादीच बंदिश घ्या, रोज तीच लावा आणि फक्त ही घुमार ऐका. गायकाकडे त्या वेळी दुर्लक्ष झालं तरी चालेल.

मग विलंबित एकतालाकडे वळावं. इथे मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन कधीकधी पाऊण मिनिटभर चालतं आणि श्रोता मध्येच हरवतो. त्याला सोबत करतं ते ‘तिरकिट’. हा बोल आवर्तनात दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. दुसरं तिरकिट वाजलं की समेआधी दोनच मात्रा उरतात. बंदिशीचा मुखडा बहुधा इथेच कुठेतरी उचलला जातो, आणि तोवर आलापात रमलेला गायक एवढ्याशा जागेतून समेवर कसा येतो, ते आता तुम्हाला त्याच्याबरोबर चालत ऐकता येतं.