पाच डॉलरची पायरी

२०२४ मध्ये जगभरात ९९८ कोटी लिटर वाईन एका देशातून दुसऱ्या देशात गेली. तिची किंमत ३,५९० कोटी युरो. म्हणजे लिटरला ३.६० युरो आणि ७५० मिलीच्या बाटलीला २.७० युरो, डॉलरमध्ये सांगायचं तर तीनच्या आत. ठाण्यात किंवा डोंबिवलीत परदेशी वाईनची बाटली हातात घेऊन भाव वाचणाऱ्याला हा आकडा खरा वाटणार नाही.

आधी उत्पादन. २०२४ मध्ये जगात सुमारे २,२५८ कोटी लिटर वाईन तयार झाली. ती २०२३ पेक्षा सुमारे ५ टक्के कमी आणि साठ वर्षांतली सर्वांत कमी. इटली १५ टक्के वाढून ४४१ कोटी लिटरवर गेला, फ्रान्स २३ टक्के घसरून ३६१ कोटींवर आला. निर्यातीत इटलीचे २१७ कोटी लिटर, स्पेनचे २००, फ्रान्सचे १२८. कमाईत मात्र फ्रान्स पहिला: १,१७० कोटी युरो. इटलीला ८१० कोटी मिळाले, स्पेनला ३००. बाटलीमागे हिशेब केला तर स्पेन १.१२ युरो, इटली २.८०, फ्रान्स ६.८५. टँकरने जाणारी सुटी वाईनही या सरासरीत आहे, हे लक्षात ठेवावं.

फेसाळ वाईनमध्येही खप स्वस्ताकडे सरकतो आहे. शॅम्पेन २९.९ कोटी बाटल्यांवरून २७.१ कोटींवर आली. इटलीची प्रोसेको ६१.६ कोटींवरून ६६ कोटींवर गेली.

आता आपल्याकडचा दर. आयात वाईनवर भारताचं सर्वसाधारण शुल्क १५० टक्के. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारात ऑस्ट्रेलियाला सवलत मिळाली, पण पायरीपायरीने. बाटली पाच डॉलरच्या खाली असेल तर सवलत नाही. पाचच्या वर असेल तर पहिल्या दिवसापासून १०० टक्के, पंधराच्या वर असेल तर ७५ टक्के. हे दर दहा वर्षांत अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांवर यायचे आहेत.

पायरी म्हटली की ठेच आलीच. डॉलर ८५ रुपये धरू. करार लागू झाला त्या दिवशीच्या शुल्कदराने ४.८० डॉलरची बाटली शुल्कासह १,०२० रुपयांना पडते, ५.२० डॉलरची ८८४ रुपयांना. वर चढलं तरी तेच: १४.५० डॉलरची २,४६५ रुपयांना, १५.५० डॉलरची २,३०६ रुपयांना. महाग बाटली स्वस्त पडते. दहा वर्षांनी ५.२० डॉलरची बाटली ६६३ रुपयांवर येईल, ४.८० ची १,०२० वरच राहील. पहिल्या दिवशीचा १३६ रुपयांचा फरक तेव्हा ३५७ होईल. राज्याचे कर आणि विक्रेत्यांचा नफा याच्या वर.

आणि ऑस्ट्रेलियाची सरासरी बाटली? २०२४ मध्ये त्या देशाने ६४.९ कोटी लिटर वाईन २५५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना परदेशात विकली. चीनने जादा शुल्क उठवल्यामुळे ही कमाई वर्षभरात ३४ टक्के वाढली. तरीही बाटलीमागे ती दोन अमेरिकी डॉलरच्या आतच पडते. म्हणजे पाच डॉलरच्या निम्म्याहूनही कमी. सवलत ज्या देशाला दिली, त्याची जगात जाणारी सरासरी बाटली सवलतीच्या बाहेर आहे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला आणि वाईनरीला स्वस्त मालापासून राखायचं, हा त्यामागचा हिशेब उघड आहे.

नाशिकच्या वाईनला राज्याचाही हात आहे. तिच्यावरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना २००९ ची. सीमाशुल्काचा प्रश्नच नाही. बाटली कसारा घाट उतरली की कल्याण. तरी इथल्या ‘वाईन शॉप’मध्ये मोठा खप व्हिस्की, रम आणि बिअरचा, आणि वाईन पाटीपुरती. कायद्याला हा फरक कळतो: महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१, व्हिस्कीसाठी २५.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अंमलात आला नाही. कल्याणच्या सुपरमार्केटमध्ये नाशिकची द्राक्षं मिळतात, त्यांची वाईन नाही.