जुन्या सर्व्हरमधील कार्डांची जुळणी

अनेक वर्षे बंद असलेला जुना सर्व्हर केवळ विजेची कळ दाबल्याने पूर्ववत चालू होईलच, असे नाही. पुष्कळदा पडद्यावर जुळणीतील चुकीची सूचना उमटते आणि यंत्र तेथेच थांबते. अशा वेळी आतील सर्व माहिती नष्ट झाली, असा समज करून घेऊन यंत्र भंगारात काढण्याकडे कल होतो. वस्तुतः तबकडीवरील माहिती बहुधा शाबूत असते. हरवलेली असते ती यंत्राच्या आतील कार्डांच्या जुळणीची नोंद. ही नोंद म्हणजे काय आणि ती का जपावी, हे समजून घेणे जुने अभिलेख सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

कार्ड आणि स्लॉट

अनेक संगणकांना एकाच वेळी माहिती पुरविणारा मध्यवर्ती संगणक म्हणजे सर्व्हर होय. तबकड्या, जाळ्याची तार, टेप आदी साधने त्याला जोडण्यासाठी स्वतंत्र कार्डे लागतात. मुख्य फलकावरील लांबट खाचांत, म्हणजे स्लॉटमध्ये, ही कार्डे बसविली जातात. आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात ८ बिटांचे स्लॉट होते. १९८४ मधील एटी संगणकात ते १६ बिटांचे झाले. हीच रचना पुढे आयएसए या नावाने ओळखली गेली.

प्रत्येक कार्डाला काही मर्यादित साधनांचा वाटा द्यावा लागतो. पहिले साधन म्हणजे व्यत्यय-रेषा. साहेबांच्या खोलीत घंटा वाजवून लक्ष वेधावे, त्याप्रमाणे कार्ड या रेषेवरून प्रक्रियकाचे लक्ष वेधते. एटी संगणकात अशा रेषा १६ होत्या. त्यांपैकी एक दोन नियंत्रकांना जोडण्यात खर्ची पडे आणि घड्याळ, कळफलक, फ्लॉपी, तबकडी इत्यादींसाठी आणखी बऱ्याच राखीव असत. दुसरे साधन म्हणजे पत्ता. टपाल योग्य घरी पोचण्यास घरक्रमांक लागतो, तसा प्रत्येक कार्डास वेगळा पत्ता लागतो. तिसरे साधन म्हणजे प्रक्रियकाला मध्ये न घेता स्मृतीशी थेट देवघेव करण्याची वाट.

दोन कार्डांना एकच रेषा किंवा एकच पत्ता मिळाला तर संघर्ष उद्भवतो. कधी एक कार्ड मुके होते, कधी दोन्ही. कधी यंत्र चालू राहते, परंतु कामाच्या ऐन वेळी बंद पडते. आयएसए कार्डांवर ही वाटणी जंपर नावाच्या लहान टोप्या हलवून किंवा बारीक खटके बदलून हाताने करावी लागे. कोणते कार्ड कोठे बसविले, याची नोंद कागदावर नसेल तर पुढील माणसाला अंधारात चाचपडावे लागे.

ईआयएसएची योजना

आयबीएमने १९८७ मध्ये मायक्रोचॅनेल ही नवी रचना आणली, परंतु जुनी कार्डे तीत चालत नव्हती. तेव्हा कॉम्पॅक, एचपी, एनईसी, ऑलिव्हेट्टी आदी नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये ईआयएसए ही ३२ बिटांची रचना जाहीर केली. तिच्या स्लॉटमधील संपर्कपट्ट्या दोन थरांत असल्यामुळे जुनी आयएसए कार्डेही त्यात बसत. कॉम्पॅकने १९८९ मध्ये सिस्टिमप्रो हा या रचनेचा सर्व्हर बाजारात आणला.

या योजनेत प्रत्येक स्लॉटला स्वतःचा पत्ताविभाग आहे. प्रत्येक ईआयएसए कार्डात त्याची ओळख कोरलेली असते. तीत निर्मात्याची तीन अक्षरे आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. कार्डासोबत येणाऱ्या फ्लॉपीवर त्याच्या गरजा सांगणारी एक फाइल असते. जुळणीचा कार्यक्रम सर्व कार्डांच्या फाइली वाचून परस्परांशी संघर्ष होणार नाही अशी वाटणी ठरवितो आणि ती बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत लिहितो. आयएसए कार्ड मात्र स्वतःची ओळख सांगू शकत नाही. त्याची नोंद हाताने भरावी लागते. त्याची फाइल उपलब्ध असल्यास जंपर कसे ठेवावेत हे कार्यक्रम पडद्यावर दाखवितो.

जुळणीची रीत

नवे कार्ड बसविण्यापूर्वी माहितीची प्रत काढावी आणि चालू जुळणी कागदावर उतरवून घ्यावी. नंतर यंत्र बंद करून विजेची तार काढावी. अंगावरील स्थिर विद्युत उतरविण्यासाठी यंत्राच्या धातूच्या सांगाड्यास स्पर्श करून मगच कार्ड हाती घ्यावे. ते बसविल्यावर जुळणीच्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून कार्डाची फाइल समाविष्ट करावी, वाटणी तपासावी आणि ती जतन करावी. काही कार्यप्रणालींना कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे हे सांगावे लागते. नेटवेअर हे त्याचे उदाहरण होय. म्हणून तिसऱ्या स्लॉटमधील कार्ड पाचव्यात हलविल्यास तेथील आज्ञाही बदलावी लागते.

बॅटरी संपते तेव्हा

बॅटरी संपली की जतन केलेली वाटणी पुसली जाते. यंत्र सुरू होताना नोंद आणि प्रत्यक्ष कार्डे यांचा मेळ बसत नाही आणि चुकीची सूचना मिळते. नवी बॅटरी घालून, मूळ फ्लॉपीच्या साहाय्याने पूर्वीचीच जुळणी पुन्हा भरल्यास यंत्र बहुधा पूर्ववत होते. मात्र अनेक तबकड्यांचा समूह सांभाळणारे कार्ड असल्यास विशेष सावधगिरी हवी. समूह नव्याने आखण्याच्या प्रश्नास घाईने होकार दिल्यास माहिती खरोखरच नष्ट होऊ शकते. तबकड्यांचा क्रमही बदलता कामा नये.

१९९२ मध्ये इंटेल कंपनीने मांडलेल्या पीसीआय रचनेत कार्डांना साधनांची वाटणी यंत्र स्वतःच करू लागले आणि हाताने करावयाची जुळणी हळूहळू मागे पडली. तरीही जुन्या यंत्रातील माहिती हवी असेल तेव्हा जुनी रीतच उपयोगी पडते. म्हणून प्रत्येक स्लॉटमधील कार्ड, त्याची रेषा, पत्ता आणि जंपरची स्थिती यांचा तक्ता यंत्राच्या नोंदवहीत ठेवावा आणि जुळणीच्या फ्लॉपीच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपाव्यात. माणसे बदलतात, यंत्रे जुनी होतात. एका पानाची व्यवस्थित नोंद मात्र वर्षानुवर्षांचे दप्तर पुन्हा उघडून देऊ शकते.